कंट्रोलच्या बाई आणि चष्म्यातली आग

"आग राहू द्या. आधी पत्ता सांगा."

बाई फोन उचलायच्या त्या हे वाक्य म्हणतच. हॅलो नाही, कोण बोलतंय नाही. पलीकडे कोणी का असेना. एकदा इंटरनेटची कुठलीशी स्कीम विकणारी मुलगी फोनवर होती. बाईंचा आवाज ऐकून ती इतकी दचकली की तिने खरोखरच आपला पत्ता सांगून टाकला. कॉल सेंटरचा, मजला आणि विंगसकट. "छान. असंच स्पष्ट बोलायचं," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. "बघा ॲडमिन, या मुलीच्या ऑफिसला आग लागली तर ती वाचेल. तुमचं काही सांगता येत नाही."

ॲडमिन म्हणजे मी. खराडीत नदीच्या अंगाला आमच्या कंपनीची सात मजल्यांची काचेची इमारत होती आणि तिथल्या खुर्च्यांची चाकं, एसीच्या तक्रारी, आयकार्डांच्या दोऱ्या हे सगळं माझ्याकडे होतं. सेफ्टीसुद्धा माझ्याकडेच होती, कारण ती दुसऱ्या कोणाला नको होती.

बाईंनी तीसेक वर्षं अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात फोन घेतले होते. शहरात कुठं आग लागली, कुठं झाड पडलं, कुठं मांजर खिडकीच्या गजात अडकलं की पहिला आवाज बाईंच्या कानात पडायचा. त्या खोलीत माणसांना नावं नसतात, हुद्दे आणि ठिकाणं असतात. निवृत्तीनंतरही ती सवय गेली नाही. म्हणून मी ॲडमिन, रिसेप्शनवरची मुलगी 'तळमजला', आणि आमचे साहेब नुसतेच 'साहेब'. आम्हीही त्यांना कधी नावाने हाक मारली नाही. दलात त्यांना सगळे 'कंट्रोल' म्हणायचे. आमच्याकडे त्या बाई झाल्या.

तुमच्याही ऑफिसात सेफ्टीचं ट्रेनिंग होत असेल. तेव्हा तुम्ही काय करता ते मला चांगलं माहीत आहे, कारण मीही तेच करायचो. शेवटच्या रांगेत बसायचं, मोबाइल मांडीवर ठेवायचा, अधूनमधून मान हलवायची आणि सही करून समोसा घ्यायचा. बाई आल्यावर यातला फक्त समोसा शिल्लक राहिला.

कंपनीने त्यांना वर्षाच्या करारावर, आठवड्यातून दोन दिवस नेमलं होतं. खडकीहून दोन बस बदलून त्या यायच्या. कडक इस्त्रीची सुती साडी, खाली पांढरे धावायचे बूट, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी हातात खिरीचा भला मोठा डबा होता. आणि खीर वाटतानासुद्धा "गर्दी करू नका, एका रांगेत, डाव्या बाजूने" हे चालूच. आवाज कधी चढवायच्या नाहीत. पण ऐकणारा आपोआप सरळ उभा राहायचा.

पहिल्याच वर्गात त्यांनी फळ्यावर काही लिहिलं नाही. टेबलावर मोबाइल ठेवला आणि म्हणाल्या, "या खोलीला आग लागलीय. मी कंट्रोल. मला फोन करा."

एक इंजिनिअर उत्साहाने उठला. "हॅलो मॅम, इकडे फायर झालीय!"

"आग राहू द्या. आधी पत्ता सांगा."

"खराडी."

"खराडी केवढी आहे माहितीये का?"

"मॅम, लोकेशन शेअर करू?"

"कोणाला? बंबाला?"

वर्ग हसला. तो गडबडून म्हणाला, "मॅम, मी रोज कॅबने येतो. पत्ता ड्रायव्हरला माहीत असतो."

"मग आग लागली की त्याच ड्रायव्हरला फोन करा. तोच येईल विझवायला."

त्या दिवशी वर्गातल्या एकालाही आपण रोज दहा तास बसतो त्या इमारतीचा पत्ता धड सांगता आला नाही. मी मनातल्या मनात हसत होतो. बाईंनी माझ्याकडे बोट केलं. गेटावरच्या पाट्या मी स्वतः रंगवून घेतल्या होत्या, तरी मी तीन नंबरच्या गेटाऐवजी दोन नंबर सांगितलं. "झालं," बाई म्हणाल्या, "बंब शेजारच्या कंपनीत गेला. तिथल्या लोकांना आंघोळ घातली."

आता चष्म्याची गोष्ट.

साहेबांना नव्या वस्तूंचा भारी सोस. हिंजवडीतली एक छोटी कंपनी डोळ्यांवर लावायचं यंत्र बनवते, त्यात खरोखरीसारखी आग दिसते आणि ती विझवायचा सराव करता येतो, असं त्यांना कुठूनसं कळलं. आठवड्याभरात दोन पेट्या घेऊन ब्लेझर घातलेला एक तिशीचा गृहस्थ हजर झाला. बाईंनी त्याचं नाव विचारलं नाही. तो 'चष्मेवाले' झाला.

चष्मेवाल्याने दुसऱ्या मजल्यावरच्या मीटिंग रूममधल्या खुर्च्या भिंतीला लावल्या, जमिनीवर चिकटपट्टीने मोठा चौकोन आखला, टीव्ही जोडला. चष्म्यातल्या माणसाला जे दिसेल ते आम्हाला टीव्हीवर दिसणार होतं. "एकदा हे आलं सर, की ट्रेनरची गरजच नाही," तो म्हणाला. बाई तिथंच कडेला उभ्या होत्या. त्यांनी पदराचं टोक नीट केलं.

पहिला मान साहेबांचा. साहेबांनी चष्मा लावला, हातात यंत्राची दोन दांडकी घेतली, "ओ माय गॉड" म्हणून चौकोनाबाहेर धावले आणि नसलेली आग विझवताना असलेली कुंडी लाथाडली. मग चष्मा काढून, बुटातली माती झटकत म्हणाले, "एक्सलंट!"

"मी बघू का?" बाईंनी विचारलं.

अंबाड्यावरून पट्टा बसेना. बाईंनी पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. "सांभाळा." आपला नेहमीचा चष्माही काढून दिला. मग दोन्ही हातांत दांडकी धरून त्या चौकोनाच्या मध्यावर उभ्या राहिल्या.

टीव्हीवर एक रिकामं ऑफिस दिसलं. प्रिंटर, त्याच्याशेजारी कचऱ्याचा डबा. डब्यातून धुराची रेघ निघाली. मग ज्वाळा. शेजारीच लाल सिलिंडर होता. तो उचलायचा, पिन काढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची. बाईंनी हे आम्हाला इतक्यांदा सांगितलं होतं की ते आम्हाला झोपेतही म्हणता आलं असतं. पण बाई हलल्या नाहीत. आग खिडकीच्या पडद्यावर चढली. पडद्यावरून छताला गेली. बाईंची मान हळूहळू मागे जात होती, एखाद्या उंच इमारतीकडे बघावं तशी.

मला चेष्टा सुचली. मी मूठ कानाला लावली आणि त्यांच्याच सुरात म्हणालो, "कंट्रोल बोलतेय. आग राहू द्या. आधी पत्ता सांगा."

सगळे खो-खो हसले.

बाईंचे ओठ हलले. पत्ता आला नाही. "इथं... अहो, हे इथं..." एवढंच म्हणाल्या आणि हात वर करून त्यांनी काहीतरी दाखवलं. टीव्ही सगळा लाल झाला. त्यावर अक्षरं आली: 'आपण वाचू शकला नाहीत.'

चष्मा काढल्यावर बाई डुलल्या. मी कोपर धरलं. "जमीन थांबवा जरा," त्या म्हणाल्या. चष्मेवाला म्हणाला, "पहिल्यांदा होतं मॅम, गरगरतं." कोणीतरी पँट्रीतून लिंबू सरबत आणलं. बाईंनी एक घोट घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "अगंबाई. एवढी मोठी असते?"

"काय?"

"आग हो."

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"मी कधी बघितलीच नाही," बाई म्हणाल्या. "होळी बघितलीय. घरची शेगडी बघितलीय. पण आग लागली की सगळे गाडीवर चढून बाहेर, आणि मी आत. मी नि फोन. कंट्रोलनं खुर्ची सोडायची नसते. आग बघायला गेले असते तर दुसऱ्या आगीचा फोन कोणी उचलला असता?"

मग ग्लास हातात फिरवत म्हणाल्या, "आणि पुढचंही कळायचं नाही. गाडी पोचली की माणूस फोन टाकून पळतो. पळायलाच पाहिजे. पण तो पुढं वाचला, नाही वाचला, ते राहून जायचं. तोवर दुसरा फोन वाजायचा." पुन्हा टीव्हीकडे बघितलं. "आणि मी इतकी वर्षं लोकांना काय म्हणत होते? पत्ता सांगा, पत्ता सांगा. हे असं समोर असताना माणसाला स्वतःचं नाव आठवलं तरी पुष्कळ झालं की."

माझी मूठ अजून अर्धी मिटलेलीच होती. ती मी खिशात घातली.

पण बाईंचं दुःख फार वेळ टिकणारं नसे. उरलेलं सरबत त्यांनी एका दमात संपवलं, पदर कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "चष्मेवाले, लावा परत."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाई आणखी चारदा मेल्या. एकदा पिन काढायची विसरल्या. एकदा धुरात सरळ उभ्या राहिल्या. एकदा आगीला नीट जवळून बघायला म्हणून गेल्या आणि पाठीमागचं दार पेटलं. पाचव्यांदा सगळं बरोबर केलं, पण आग विझल्यावर "झालं ना हो?" असं यंत्राला विचारत उभ्या राहिल्या, तोवर ती पुन्हा भडकली. दरवेळी चष्मा काढला की माझं कोपर, जमीन थांबवा, लिंबू सरबत. आणि दरवेळी डोळे आधीपेक्षा जास्त चमकत होते. जत्रेतल्या पाळण्यातून उतरलेल्या मुलीसारख्या त्या हसत सुटल्या होत्या.

मध्येच त्यांनी घरी फोन लावला. त्यांचे यजमान खडकीच्या बाजूच्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यामुळे ते कशानेच दचकत नसत.

"अहो, मी आज पाचदा मेले!"

"बरं. रात्री भाकरी की पोळी?"

"भाकरी."

"मग येताना मेथी आण."

सहाव्यांदा बाई वाचल्या. टीव्हीवर हिरवी खूण उमटली आणि बाईंनी दोन्ही दांडकी वर करून आरोळी ठोकली, "वाचले!" बाईंचा चढलेला आवाज आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आख्ख्या मजल्यावर पार्टिशनच्या वरून डोकी निघाली.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या ऑफिसाला चष्म्याचं वेड लागलं.

बाईंनी चष्मेवाल्याला एकच प्रश्न विचारला होता. "यात फोन कुठंय?"

"मॅम, फोन नाहीये. सिस्टीम आपोआप कळवते."

"आणि पत्ता?"

"तोही सिस्टीमच देते."

"आणि माणूस काय करतो? नुसता भाजतो?"

मग त्यांनी स्वतःच तोड काढली. शिकणारा चष्मा लावून चौकोनात उभा राहायचा, त्याच्या शर्टाच्या खिशात चालू फोन. बाई खोलीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून, कानाला फोन लावून बसायच्या. त्यांनी टीव्हीकडे बघायचं नाही, हा त्यांचाच नियम. तिकडे आग भडकायची आणि खिशातून बाईंचा आवाज यायचा. पण आता वाक्य बदललं होतं.

"मी ऐकतेय. घाबरा, पण बोलत राहा. दार तुमच्या पाठीशी आहे का? असू दे तसंच. आता इमारतीचं नाव सांगा."

काय ते दिवस होते! मीटिंग रूमबाहेर रांग लागायची. आत कोणीतरी सिलिंडर शोधत, खोकल्याचा अभिनय करत, गळा काढून गेट नंबर ओरडत असायचं. जे आत गेले होते ते बाहेर येऊन भिंत धरून उभे असायचे, गरगरत आणि हसत. पँट्रीतली लिंबं दुपारीच संपायची. कॅन्टीनच्या रांगेत माणसं पत्ता पाठ म्हणायची.

एक टीम लीड चष्म्यात सुखरूप बाहेर पडला आणि परत आत गेला.

"परत का गेलात?" बाईंनी फोनवर विचारलं. त्यांना आवाजावरून कळायचं.

"मॅम, लॅपटॉप राहिला. उद्या रिलीज आहे."

"तुमचीच रिलीज झाली. चष्मा काढा."

एक जण धुरातून थेट लिफ्टमध्ये शिरला. "कुठं निघालात?" "खाली, मॅम." "वर पोचलात."

बाईंनी हट्टाने सफाईच्या आणि दारावरच्या माणसांनाही बोलावलं. आमच्या म्हाताऱ्या वॉचमनने आग झटक्यात विझवली, पत्ता खणखणीत सांगितला, आणि मग चष्म्यातल्या माणसांना एकेक करून आयकार्ड मागायला लागला. त्याला बाहेर काढायला चष्मेवाल्याला मशीन बंद करावं लागलं.

या सगळ्या धमालीत एके दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बाईंचा करार पुढच्या महिन्यात संपत होता. चष्मे आता कंपनीचेच होते; ते चालवायला एक सुपरवायझर पुरे. "करार वाढवायचा नाही. तुम्ही जरा सांगा त्यांना," साहेब म्हणाले.

मी तीनदा सांगायला गेलो आणि तीनदा दुसरंच काहीतरी बोलून आलो. चौथ्यांदा बाईच म्हणाल्या, "ॲडमिन, तुमच्या तोंडावर धूर दिसतोय. बोला."

मी सांगितलं. बाई पेन्सिल काढून तिचं टोक बघत बसल्या.

"मशीन चांगलंय हो," त्या म्हणाल्या. "मला आग त्यानेच दाखवली. फक्त त्याला ऐकू येत नाही."

आणि उठून पुढच्या माणसाच्या डोळ्यांवर चष्मा चढवायला गेल्या.

करार संपायला आठ-दहा दिवस उरले असतील. दुपारची जेवणं नुकतीच झाली होती. मी तळमजल्यावर होतो आणि धोक्याची घंटा वाजली. मॉक ड्रिलची तारीख मीच ठरवायचो, त्यामुळे हे ड्रिल नाही हे इमारतीत सर्वांत आधी मला कळलं. वरून कोणीतरी ओरडत आलं. तिसऱ्या मजल्यावरच्या इलेक्ट्रिक रूममधून धूर येत होता.

मी फोन लावला. पलीकडे कोणी अनोळखी माणूस होता. त्याने विचारायच्या आधीच माझ्या तोंडातून इमारतीचं नाव, रस्ता, नदीकडचं तीन नंबरचं गेट, मजला, सगळं एका रांगेत बाहेर पडलं. पलीकडचा माणूस म्हणाला, "गाडी निघाली." मी भिंतीला टेकलो.

दुसऱ्या मजल्यावर त्या वेळी ट्रेनिंग चालू होतं. एक तरुण चष्मा लावून आगीसमोर उभा होता. खरी घंटा वाजली तेव्हा तो खूश होऊन म्हणाला, "मॅम, साउंड काय भारी टाकलाय!" बाईंनी मागून जाऊन त्याचा चष्मा काढला. "हे खरंय. चला." तो बिचारा डोळे चोळत, गरगरत जिना उतरला आणि खाली येईपर्यंत विचारत होता, "नक्की खरंय ना?"

माणसं दोन्ही जिन्यांनी उतरली. ढकलाढकल नाही, डाव्या बाजूने, एका रांगेत. लॅपटॉपवाला टीम लीड रिकाम्या हातांनी आला आणि ते हात त्याने बाईंना लांबूनच वर करून दाखवले. मोकळ्या जागेत सगळे जमले. प्रत्येक मजल्याची मोजणी झाली.

साहेब नव्हते.

साहेबांची केबिन पाचव्या मजल्यावर, कोपऱ्यात. पडदे ओढून, कानांवर मोठे हेडफोन लावून ते परदेशातल्या लोकांशी बोलत बसले होते. घंटा त्यांना पुसटशी ऐकू आली होती. त्यांना वाटलं, बाईंचं काहीतरी चाललंय.

बंब अजून यायचा होता. बाईंनी आपला फोन काढला आणि साहेबांचा नंबर फिरवला. साहेबांनी कट केला. पुन्हा फिरवला. पुन्हा कट. तिसऱ्यांदा त्यांनी उचलला आणि वैतागून म्हणाले, "बाई, मी कॉलवर आहे!" बाईंनी फोन स्पीकरवर टाकला होता, त्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"तो ठेवा. आता माझ्या कॉलवर या," बाई म्हणाल्या. आवाज तोच, सपाट, न चढलेला. "तिसऱ्या मजल्याला आग आहे. खरी आहे. दाराला हाताची पाठ लावून बघा. गरम आहे?"

"न... नाही."

"उघडा. लिफ्टकडे जायचं नाही. नदीकडचा जिना. पोचलात का?"

"हो. बाई, खालून वास येतोय."

"येऊ द्या. मी ऐकतेय. डाव्या हाताने भिंत धरा. पायऱ्या मोठ्यांदा मोजा. दर मजल्याला पुन्हा एकपासून."

साहेब पायऱ्या मोजायला लागले. एवढा मोठा माणूस, बालवाडीतल्यासारखा एक, दोन, तीन म्हणत होता आणि आम्ही सगळे श्वास रोखून आकडे ऐकत होतो. कोणी हसलं नाही. चौथ्या मजल्याच्या खाली ते खोकायला लागले. आकडे थांबले.

"साहेब, वाका. आणखी वाका. भिंत सोडू नका. पुढचा आकडा सांगा."

काही नाही. नुसता खोकला.

"साहेब, पुढचा आकडा."

"...सात."

"छान. आठ?"

"आठ."

बाईंची मान खाली होती, डोळे मिटलेले. त्या कुठं बघतच नव्हत्या. तीस वर्षं जशा बसल्या असतील तशाच उभ्या होत्या, सगळा जीव कानात आणून. रस्त्यावरून बंबाची घंटा ऐकू आली, तीन नंबरच्या गेटातून तो सरळ आत वळला, तरी त्यांनी मान वर केली नाही.

"कितवा मजला?"

"पहिला संपला. खाली दार दिसतंय."

"उघडा."

जिन्याचं लोखंडी दार उघडलं आणि साहेब बाहेर आले. टाय खांद्यावर, हेडफोन गळ्यात, फोन कानाला. समोर दहा पावलांवर बाई होत्या, त्यांचाही फोन कानाला.

"आलो, बाई," साहेब फोनमध्ये म्हणाले.

बाईंनी डोळे उघडले. समोरच्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. फोन तसाच कानाला धरून म्हणाल्या, "अहो, हे तर तुम्ही! इथंच!" आणि एकदम हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पुसायचं सोडून त्या माझ्याकडे वळून सांगत सुटल्या, "ॲडमिन, बघितलंत का? फोनवरचा माणूस बाहेर आला. मी बघितला. बाहेर आलेला बघितला मी!"

मीही हसत होतो की रडत होतो ते आज सांगता येणार नाही.

आग तशी किरकोळ निघाली. एक पॅनेल जळलं, भिंत काळी पडली. बंबावरच्या एका पोक्त जवानाने मागून बाईंचा आवाज ऐकला आणि तो गर्रकन वळला. "कंट्रोल?" त्याने वर्षानुवर्षं तो आवाज वायरलेसवर ऐकला होता, माणूस कधी बघितलं नव्हतं. सगळं थंड झाल्यावर त्याने बाईंना आपलं हेल्मेट घालून तिसऱ्या मजल्यावर नेलं. परत आल्या तेव्हा नाकाच्या शेंड्याला काजळी होती.

"कशी होती?" मी विचारलं.

"एवढीशी," बाई जरा नाराजीनेच म्हणाल्या. "चष्म्यातली मोठी होती."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नव्या कराराचं पत्र स्वतः बाईंच्या हातात दिलं. बाईंनी ते वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. चष्मेवाल्याने त्यांना आधीच विचारलं होतं. फोनची युक्ती त्याला इतकी आवडली होती की आता तो प्रत्येक कारखान्यात आणि ऑफिसात चष्म्यांबरोबर बाईंनाही नेणार होता. "तुमच्याकडचे सगळे वाचलेत," बाई साहेबांना म्हणाल्या, "न वाचलेले पुष्कळ बाकी आहेत."

शेवटच्या दिवशी त्यांना सेंडऑफ द्यायला आम्ही मोठा केक आणला होता. त्यावर कोणीतरी मेणबत्त्या लावल्या. बाईंनी त्या पेटवू दिल्या, लांबून डोळे भरून बघितल्या आणि मग दोन बोटांनी एकेक चिमटून विझवल्या. मग खिडकीशी उभ्या राहून आपला डबा, पेन्सिली, शिट्टी पिशवीत भरली आणि पाचच्या बसला गेल्या. मीटिंग रूममधला चिकटपट्टीचा चौकोन पुढं कितीतरी महिने कोणी काढला नाही. मीही काढू दिला नाही.

त्यानंतर वर्षभराने मी नोकरी बदलली आणि हिंजवडीला जाऊ लागलो. एका सकाळी तिथल्या नेहमीच्या कोंडीत, दोन कंपनी-बसच्या मधल्या फटीत माझी स्कूटर अडकली होती. शेजारी एक छोटी लाल गाडी. ती चालवत होता चष्मेवाला. ब्लेझर गेला होता, साधा शर्ट होता. आणि त्याच्या शेजारी, मांडीवर पेट्या घेऊन, खिडकीबाहेर हात काढून पुढच्या टेम्पोला डावीकडे घ्यायच्या खुणा करत बाई बसल्या होत्या. टेम्पो घेतही होता.

"बाई!" मी ओरडलो.

त्यांनी वळून बघितलं. चेहरा सगळा फुलला. "ॲडमिन! अहो, आज भोसरीला चाललो होतो, यांनी रस्ता चुकवला! काल एका कारखान्यात मालकच आधी मेला! तुम्ही कुठं असता?"

मी पुढच्या काचेच्या इमारतीकडे बोट दाखवलं.

"कितवा मजला?"

"नववा."

"जिना कुठंय?"

मी तोंड उघडलं. तिथं मी दोन महिने जात होतो.

पुढचा सिग्नल सुटला. मागच्या बसने हॉर्न दिला, लाल गाडी पुढं सरकली आणि बाईंचा खिडकीबाहेरचा हात हलत हलत गर्दीत दिसेनासा झाला.

ऑफिसात पोचलो तेव्हा लिफ्टपुढे नेहमीची रांग होती. मी वर जाऊन आधी मजला धुंडाळला. जिन्याचं दार शेवटी पँट्रीच्या मागच्या बोळात सापडलं. त्याला टेकवून पाण्याचे रिकामे जार छातीएवढ्या उंचीपर्यंत रचून ठेवले होते. मी बॅग खाली ठेवली, बाह्या दुमडल्या आणि वरचा पहिला जार उचलला.